कुऱ्हाड पाहिलेलं रान

पहिल्या रात्री तळ्यावरून तो आवाज आला आणि ताई अंथरुणात उठून बसली. "अगं, कोण रडतंय?" लांब कुठंतरी कुणी हेल काढावा, तो मध्येच फुटावा आणि पलीकडच्या काठावरून त्याला तसंच उत्तर यावं, असं बराच वेळ चाललं होतं. आम्ही दोघी अंधारात ऐकत बसलो. सकाळी नाश्त्याला गाईडनं सांगितलं, तो लून पक्षी. आणि तुम्ही झोपलात त्या लॉजचं नाव मेडाविस्ला, म्हणजे इथल्या आबेनाकी भाषेत लूनच.

हे मेन राज्य, अमेरिकेचं ईशान्येकडचं टोक. राज्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग जंगलाखाली आहे. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही तिथे पाच दिवस, चार रात्री एका लॉजवरून दुसऱ्या लॉजवर अशा चाललो: मेडाविस्ला, मग लिटल लायफर्ड, मग गोरमन चेअरबॅक. तिन्ही ॲपलेशियन माउंटन क्लबची. बॉस्टनमध्ये 1876 साली निघालेली ही संस्था आज या भागात 1 लाख एकरांहून जास्त जंगल सांभाळते.

या पट्ट्याला '100 माइल विल्डरनेस' म्हणतात. ॲपलेशियन ट्रेल या लांबच लांब पायवाटेचा हा शेवटून दुसरा टप्पा, मॉन्सन गावापासून अबोल ब्रिजपर्यंत, सुमारे 160 किलोमीटर. सुरुवातीलाच पाटी आहे: किमान दहा दिवसांचं अन्न बरोबर नसेल तर या वाटेला लागू नका. आमच्या पाठीवर मात्र डबा, पाणी, रेनकोट आणि एक जादा स्वेटर एवढंच होतं. मोठ्या बॅगा गाडीनं पुढच्या लॉजवर जायच्या आणि संध्याकाळी गरम जेवण तयार असायचं. ताई बासष्ट वर्षांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर 'आता सॅक पाठीला लावायची नाही' असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं डोंगराचं नावच टाकलं होतं. तिला पुन्हा रानात चालताना बघायचं होतं म्हणून मी ही सहल ठरवली. दहा दिवसांचं अन्न वाहून नेणारेच खरे चालणारे, असं कुणी म्हणालं तर मला ते मान्य नाही.

गाईडबद्दल लिहायलाच हवं. मेनमध्ये पैसे घेऊन कुणाला रानात न्यायचं तर राज्याचा परवाना लागतो आणि तो कायदा आहे 1897 सालचा. परवाना मिळालेली पहिली व्यक्ती कॉर्नेलिया क्रॉस्बी, एक बाई. आमची गाईडही बाईच, पन्नाशी ओलांडलेली, कमी बोलणारी. तिचे वडील याच मुलुखात लाकूडतोडीवर होते. हे तिनं पहिल्या दिवशी सांगितलं नाही, चौथ्या दिवशी सांगितलं. पण ती रान ज्या नजरेनं बघायची त्यावरून आम्हाला आधीच काहीतरी कळायला हवं होतं.

मी गेले होते ते अस्पर्श जंगल बघायला. मनात तेच चित्र होतं, माणसाचा हात न लागलेलं, जुनंपुराणं. पहिल्या तासाभरातच गाईड एका मेपलपाशी थांबली. एकाच बुंध्यातून पाच खोडं वर गेलेली. "किती झाडं?" तिनं विचारलं. ताई म्हणाली, पाच. "एकच. मधलं कापून नेलं, मग कडेनं हे पाच फुटवे आले." त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. आमची पाऊलवाट इतकी रुंद आणि सपाट का, तर ती घोड्यांनी ओंडके ओढायची वाट होती. एका उतारावर भूर्जाची झाडं सगळी एकाच जाडीची, जणू एकाच दिवशी पेरलेली. तिथं एकदा सगळं तोडून मोकळं केलं होतं आणि उजेडाला भुकेली भूर्जं आधी उगवली. त्यांच्या सावलीत आता बाल्सम फर आणि स्प्रूस वर येताहेत. फरची सुई चुरगाळून हुंगली की संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. ताईनं डहाळी खिशात ठेवली ती पाचही दिवस.

दुसऱ्या दिवशी व्हाइट कॅप हा डोंगर. उंची सुमारे 1,110 मीटर, आकड्यात काही नाही, पण वाट म्हणजे मुळं आणि ओले दगड. दोन काठ्या टेकत, प्रत्येक पाऊल बघून ठेवत ताई चढली. मी मागे होते. तिच्या पोटऱ्या थरथरताना दिसत होत्या आणि मी एकदाही "बसायचं का?" असं विचारलं नाही, कारण तिला ते आवडलं नसतं. माथ्याजवळ झाडं खुजी होत गेली, मग संपली आणि उत्तरेला कटाह्डिन दिसला. सुमारे 1,600 मीटरचा, आजूबाजूला तोलामोलाचं कुणी नसल्यानं एकटाच उभा. पेनॉब्स्कॉट या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्या नावाचा अर्थ 'सर्वात थोर पर्वत'. ॲपलेशियन ट्रेल जॉर्जियातून निघून सुमारे 3,500 किलोमीटर चालत येते ती त्याच्याच माथ्यावर संपते.

तो डोंगर आज असा मोकळा आहे त्याचं श्रेय पर्सिव्हल बॅक्स्टर या माणसाला. गव्हर्नर असताना त्यानं विधिमंडळाला सांगून पाहिलं, ही जमीन राज्यानं घ्या. कुणी ऐकलं नाही. मग 1930 पासून तो स्वतःच्या पैशानं तुकडा तुकडा विकत घेत गेला आणि 1962 पर्यंत 2 लाख एकरांहून जास्त जमीन 'कायम रानच राहील' या अटीवर राज्याला देऊन टाकली. माथ्यावर वारा इतका होता की हे सगळं गाईडनं आम्हाला जवळजवळ ओरडून सांगितलं. ताई खडकाच्या आडोशाला बसून त्या डोंगराकडे बघत राहिली. खाली उतरायला तिनंच उशीर केला.

लिटल लायफर्डवर आम्ही दोन रात्री राहिलो आणि माझं मन तिथं अडकलं आहे. 1870 च्या दशकात हा लाकूडतोड्यांचा तळ होता. ओंडक्यांच्या छोट्या केबिन, आत लाकडाची शेगडी, गॅसचे दिवे. संडास बाहेर, म्हणजे रात्री टॉर्च घेऊन जायचं. जेवण मोठ्या खोलीत, सगळ्यांनी लांब टेबलांवर एकत्र. भांडी एकमेकांकडे सरकवायची. आमच्या समोर एक वयस्क जोडपं होतं, गेली कित्येक वर्षं दर शरद ऋतूत याच केबिनला येणारं. त्यातले आजोबा म्हणाले, "पहिल्यांदा आलो तेव्हा समोरचा डोंगर बोडका होता." मी खिडकीतून बघितलं. समोर लाल-केशरी मेपल आणि त्यामध्ये काळेभोर स्प्रूस. बोडका कुठं असेल याचा अंदाजही लागेना.

तिसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर मूस, म्हणजे इथलं अवाढव्य हरीण, दिसली. धुक्यात आधी फक्त पाण्याचा आवाज, मग खांदे, मग ते लांबुळकं तोंड पाण्यातून वर आलं, ओठांतून पाणवनस्पती लोंबत होत्या. मादी होती, एकटी. घोड्याहून उंच जनावर इतकं शांत असू शकतं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. आम्ही पंधरा-वीस मिनिटं हललो नाही. गाईड मात्र दुर्बिणीतून तिच्या मानेकडे आणि कानांकडे बघत होती. इथं हिवाळी गोचिडांनी मूसचा जीव खाल्ला आहे. शरदात गोचिडाची पिल्लं अंगावर चढतात आणि हिवाळाभर रक्त पितात. एकेका जनावरावर हजारोंनी असतात. बर्फ उशिरा पडला की त्यांना अंगावर चढायला जास्त दिवस मिळतात. आणि हिवाळे तर आखडत चालले आहेत. वर्षाच्या आतली पिल्लं वसंत येईतो रक्त आटून मरतात. गाईडनं हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता. ती मादी एकटी का होती, हे आम्ही तिला विचारलं नाही.

मूसच्या शिकारीचा मोसम याच सुमारास असतो. म्हणून आम्हा सगळ्यांच्या अंगात भडक नारिंगी जाकिटं होती. मेनमध्ये रविवारी शिकार बंद असते, तरी गाईडनं रविवारीही ती काढू दिली नाहीत.

चौथा दिवस गल्फ हेगसचा. प्लेझंट नदीच्या पश्चिम शाखेनं स्लेटच्या पाषाणात कोरलेली ही पाच-सहा किलोमीटरची घळ. वाट कड्याच्या अगदी काठानं जाते, खाली पाणी चहाच्या रंगाचं, कारण दलदलीतून येताना ते पाला-मुळांचा अर्क घेऊन येतं. धबधब्यामागून धबधबा. 'जॉज' नावाच्या अरुंद चिंचोळ्या जागी आम्ही डबे उघडले. इथं दोन्ही बाजूंचे कडे एके काळी याहून जवळ होते. वसंतात बर्फ वितळलं की लाकूडतोडे हिवाळाभर तोडलेले ओंडके नदीत सोडायचे, ते इथं अडकायचे, म्हणून सुरुंग लावून कातळ फोडला. गाईडनं वडिलांची गोष्ट सांगितली ती इथं. ओंडके पाण्यातून वाहून न्यायची रीत मेनमध्ये 1976 साली बंद झाली. शेवटची खेप केनेबेक नदीवर. तिच्या वडिलांनी ती पाहिली होती. "ते शेवटपर्यंत नदीचा आवाज ऐकून पाणी किती आहे ते सांगायचे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "झाडं तोडली त्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. पण म्हातारपणी मी त्यांना इथं आणलं तेव्हा फिरून आलेलं रान बघून ते खूप वेळ बोलले नाहीत." ताईनं तिच्या हातावर हात ठेवला.

घळ संपते तिथं हर्मिटेज. पांढऱ्या पाइनची राई, कुऱ्हाडीतून सुटलेली. किती उंच ते मान दुखेपर्यंत बघून कळतं. खोडं दोघींच्या कवेत मावेनात. बाकी रानात चार दिवस चालून आल्यावरच या तुकड्याची किंमत समजते, कारण तोवर डोळ्यांना बारीक खोडांची सवय झालेली असते. खाली सुयांचा जाड थर, पावलांचा आवाज होत नाही. इंग्लंडच्या राजानं आपल्या आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी असलीच झाडं बाणाची खूण करून राखून ठेवली होती. त्या उंचीकडे बघून ते कळत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम.

राईच्या खाली ट्रेल नदी ओलांडते. पूल नाही. बूट काढून गळ्यात अडकवले, सँडल चढवल्या. पाणी गुडघ्यापर्यंत आणि इतकं गार की पहिल्या पाच पावलांत पाय दुखले, मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना. मधोमध माझा पाय शेवाळावरून सटकला आणि मी कमरेपर्यंत भिजले. हात दिला तो समोरून येणाऱ्या एका दाढीवाल्या पोरानं. तो मार्चमध्ये जॉर्जियातून निघाला होता. आता सव्वाशे-दीडशे किलोमीटर राहिले होते आणि बर्फाआधी कटाह्डिन गाठायची घाई होती. ताईनं डब्यातलं उरलेलं सँडविच आणि दोन सफरचंदं त्याला दिली. त्यानं सफरचंद बियांसकट खाल्लं.

गोरमन चेअरबॅकबद्दल एवढंच सांगते की रात्री तळ्याच्या धक्क्यावर आम्ही पाठीवर पडून राहिलो. क्लबच्या या सगळ्या रानाला 2021 साली आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोखं आकाश जपलेली जागा, हा दर्जा मिळाला आहे. आकाशगंगा पाण्यात दिसत होती. लून पुन्हा ओरडला, या वेळी ताई हसली.

परतीच्या खडी-मातीच्या रस्त्यावर लाकडं भरलेला ट्रक समोरून आला की आपली गाडी कडेला घ्यायची, इथं मान त्यांचा. क्लबच्या जमिनीवरही काही भागात अजून तोड होते, मोजून. काही भाग मात्र कधीच तोडायचा नाही असा राखलेला. शेवटचा थांबा कटाह्डिन आयर्न वर्क्स. 1843 साली इथं लोखंड गाळायला सुरुवात झाली आणि 1890 मध्ये कारखाना बंद पडला. उंच दगडी भट्टी आणि कोळसा पाडायचा विटांचा घुमट एवढं उरलंय. असे घुमट तेव्हा रांगेनं होते आणि प्रत्येकाच्या पोटात आसपासचं रान जात होतं. मी घुमटाच्या आत गेले. गार, ओलसर, बोललं की आवाज घुमतो. डोक्यावरच्या भोकातून आभाळाचा निळा गोल दिसत होता.

बाहेर नदीच्या काठी गाईडनं वाळूतून एक तुकडा उचलला. काचेसारखा, निळा-हिरवा, धारेला चकाकणारा. भट्टीतून निघालेली मळी. तिनं तो ताईच्या तळहातावर ठेवला. ताईनं उन्हात धरून उलटसुलट बघितला, बोटानं धार चाचपली आणि खाली वाकून जिथून उचलला होता तिथंच पुन्हा ठेवला. गुडघा धरून ती उठली तेव्हा मी हात पुढे केला, पण तो तिला लागला नाही.