घरीच आहेस ना

मार्च २०२० मध्ये लॅपटॉप आणि दोन जोडी कपडे घेऊन साताऱ्याला आलो तेव्हा वाटलेलं पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. ते पंधरा दिवस दोन वर्षं चालले आणि खरं सांगू का, मला आवडले (बाहेर जे चाललेलं ते नाही हो, फक्त घरून काम करणं).

आधी वाकडच्या पुलापासून हिंजवडी फेज थ्री गाठायला सव्वा तास सहज जायचा, पावसाळ्यात तर विचारूच नका. तो वेळ वाचला असं सगळे म्हणतात पण माझा तरी कुठे वाचला, रात्री साडेनऊला अमेरिकेवाल्यांचा कॉल लागायला लागला कारण काय तर "घरीच आहेस ना". आणि सकाळी बाबा गॅसची टाकी आणायला पाठवायचे, तेही तेच म्हणून! मॅनेजर आणि बाबा आयुष्यात एकमेकांना भेटले नाहीत पण दोघांचं वाक्य एकच.

आईने मात्र पटकन जमवून घेतलं. हेडफोनची लाल लाईट लागली की कॉल चालू, हे तिला कळलं, मग ती चपला दाराबाहेर काढून पोह्यांची बशी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी खालून सरकवायची आणि हातानेच विचारायची, लिंबू हवं का. असं ऑफिस परत मिळणार नाही.

आता हायब्रिड आलंय. मंगळवार-बुधवार-गुरुवार ऑफिस. सोमवारी रात्री एसटीने स्वारगेट, तीन रात्रींसाठी पीजीचं महिन्याचं पूर्ण भाडं, आणि तिथे जाऊन काय, तर हेडफोन लावून बंगळुरूच्या टीमशी कॉल. पहिले दोन महिने मी फक्त कार्ड स्वाईप करायला जातोय असंच वाटायचं.

मत बदललं ते आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरमुळे. ती २०२१ ला ऑनलाईनच जॉईन झाली. एक दिवस शेजारी बसली होती तर बघतो, सर्व्हरचे लॉग एकेक ओळ कॉपी करून एक्सेलमध्ये टाकतेय, रोज दीड तास, कितीतरी महिने. ज्याला आमच्याकडे दोन ओळींची स्क्रिप्ट आहे, चालवली की काम आपोआप होतं! म्हटलं अगं विचारलं का नाहीस, तर म्हणे, "एवढ्याशासाठी कोणाला पिंग कसं करायचं, सगळे बिझी दिसतात." मला एकदम लाज वाटली, कारण चॅटवर माझं स्टेटस लाल, म्हणजे बिझी, असायचं तेव्हा बऱ्याचदा मी दूध आणायला गेलेलो असायचो. मी शिकलो तो सगळा असाच, सिनिअरच्या स्क्रीनवर डोकावून आणि टपरीवर चहा पिताना, कोणी मीटिंग लावून शिकवलं नाही.

म्हणून ऑफिसला यायला माझी ना नाही, पण दिवस तरी जुळवा ना! तिचे सोमवार-बुधवार-शुक्रवार, माझे मंगळवार-बुधवार-गुरुवार, म्हणजे एवढा एसटीचा धक्का खाऊन भेट फक्त बुधवारी. मॅनेजरला सांगितलं रोस्टर बदला, तर ते म्हणे सिस्टिममध्ये होत नाही.

मग आता मी दर बुधवारी ११ ते १ कॅलेंडरवर "डेंटिस्ट" टाकून ठेवतो आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो. चार महिने झाले, दातांचं काय झालं ते अजून कोणी विचारलेलं नाही.