आधी कॉपी, मग चेकडिस्क

सांगलीत गावभागात आमचं घर आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात तळमजल्यावरच्या कपाटातले बरेच कागद गेले. जे वाचले ते, म्हणजे जमिनीचं खरेदीखत, जुने सातबारे, घरातल्या लग्नांचे अल्बम, आम्ही पंख्याखाली पसरून वाळवले आणि एकेक करून स्कॅन केले. ते सगळं घरच्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर होतं. म्हणून गेल्या पावसाळ्यात तो ड्राइव्ह अडायला लागला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

सुरुवात साधीच होती. फोल्डर उघडायला वेळ लागायचा, मशीन मध्येच गोठायचं. मग एक फोटो कॉपी करताना 'डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक' असा संदेश आला. डिस्कवरून जे वाचलं गेलं ते पडताळणीत जुळत नाही, असा त्याचा अर्थ. डिस्कमधून टकटक आवाज मात्र येत नव्हता. तसा आवाज येत असेल तर घरी काहीही न करता मशीन बंद करावं आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जावं.

एका दुकानात विचारलं, तर ऐकून घ्यायच्या आतच "फॉरमॅट मारून देतो" म्हणाले. मी तिथून उठले. नंतर विश्रामबागेत दुरुस्तीचं काम करणारा एक ओळखीचा मुलगा भेटला, त्याने नीट ऐकून घेतलं.

"ताई, चेकडिस्क चालवलं काय ओ तुम्ही?"

"नाही अजून."

"बरं झालं. आधी डाटा बाहेर काढा की. दुरुस्तीचं मग बघू."

चेकडिस्क म्हणजे डिस्क तपासून चुका दुरुस्त करणारं विंडोजमधलंच साधन. ते आधी का चालवू नये, याचं त्याने समजावलेलं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. डिस्कचे दोष दोन तऱ्हेचे असतात. ग्रंथालयातल्या नोंदवहीत चुकीचं लिहिलं गेलं तर ते खोडून नीट करता येतं, पण पुस्तकाचं पानच कुजलं तर नोंदवही सुधारून ते परत येत नाही. अचानक लाइट गेली, मशीन मध्येच बंद पडलं, की नोंदवही बिघडते. म्हणजे फाइल सिस्टिम. तिथे चेकडिस्क उत्तम काम करतं. पण डिस्कचा पृष्ठभागच खराब होत असेल तर चेकडिस्कचा स्लॅश आर हा पर्याय सगळी डिस्क तासन् तास वाचून काढतो, आणि आधीच थकलेली डिस्क त्या ताणाने पूर्ण बसू शकते. शिवाय चेकडिस्क सांभाळतं ते फाइल सिस्टिमला. ज्या फाइलची नोंद तुटलेली असते तिचे तुकडे 'फाउंड' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये नाव-गाव नसलेले पडून राहतात.

आपला दोष कुठल्या तऱ्हेचा, हे कळायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात; ती नोंद हे सॉफ्टवेअर दाखवतं. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावधान. आमचा पिवळा होता. त्यातल्या तीन ओळी बघायच्या: शून्य-पाच, सी-पाच आणि सी-सहा. शून्य-पाच म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी-पाच म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघत असलेले, सी-सहा म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न वाचता आलेले. आमच्या सी-पाचसमोर १८ दिसत होतं. हे आकडे मुळात षोडशमान, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या, पद्धतीत असतात, त्यामुळे ते १८ म्हणजे खरे २४. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घेता येतं. आणि फक्त सी-सात, म्हणजे डेटाची ने-आण करतानाच्या चुकांचा आकडा, वाढलेला असेल तर आधी डिस्क जोडणारी साटा केबल बदलून बघावी; बऱ्याचदा दोष तिथेच असतो.

मग नवी एक्स्टर्नल डिस्क आणली आणि कॉपीला बसले. आधी कागद, मग अल्बम, गाणी-सिनेमे सगळ्यात शेवटी. माउसने ओढून केलेली कॉपी पहिल्याच खराब फाइलपाशी अडून बसत होती. त्यामुळे कमांड प्रॉम्प्टमधलं, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या विंडोतलं, रोबोकॉपी वापरलं. त्यातही एक मेख आहे. काही सांगितलं नाही तर ते न वाचल्या जाणाऱ्या फाइलवर दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करतं. स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ दिलं की एकदा पुन्हा बघून पुढे जातं. लॉगही ठेवता येतो, त्यात कुठल्या फाइल राहिल्या ते दिसतं. लाइटचा भरवसा नव्हता, म्हणून मशीन यूपीएसवर ठेवलं होतं.

खरेदीखत आणि सातबारे सगळे आले. अल्बममधले थोडे फोटो राहिले. त्यांच्यासाठी त्या मुलाने पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यू लावलं. ते सोपा भाग आधी वाचून घेतं, अवघड जागांची नोंद ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. बरेच फोटो परत मिळाले. सासूबाईंच्या लग्नातला एक मात्र अर्धाच आला: वर मुंडावळ्या आणि दोघांचे चेहरे स्वच्छ, खाली हातांपासून पुढे सगळी करडी पट्टी. चेहरे आले यातच सासूबाईंना समाधान होतं.

त्यानंतर चेकडिस्क. विंडोज असलेल्या सी ड्राइव्हवर स्लॅश एफ, म्हणजे फक्त फाइल सिस्टिम दुरुस्त करायचा पर्याय, दिला की 'ड्राइव्ह वापरात आहे, पुढच्या वेळी तपासू का' असं विचारतं. वाय दाबून मशीन रीस्टार्ट करायचं. निकाल स्क्रीनवरून निघून गेला तरी तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अॅप्लिकेशन लॉगमध्ये विनइनिट या नावाखाली सापडतो. तिथे फक्त किरकोळ दुरुस्त्या निघाल्या. डीवर स्लॅश आर लावलं. त्याचे पाच टप्पे असतात आणि चौथ्यात टक्केवारी एकाच जागी खिळून राहते. घाबरून बटण दाबू नये.

शेवटी खराब सेक्टरांचा आकडा आला आणि दुरुस्ती झाल्याचा निरोपही. क्रिस्टलडिस्कइन्फोत मात्र पिवळा रंग तसाच. कारण चेकडिस्क खराब जागेवर खूण करून ती वापरातून काढतं. डिस्कच्या दृष्टीने तो सेक्टर, त्यावर नव्याने काही लिहिलं जाईपर्यंत, प्रलंबितच राहतो.

"मग नीट झाली का नाही गं?" अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, विचारलं.

"फाइल सिस्टिम नीट झाली अण्णा, डिस्क नाही."

पुढे सी-पाचचा आकडा आणखी वाढला, तेव्हा ती डिस्क काढूनच टाकली. आता विंडोज एसएसडीवर आहे, कागद आणि फोटो नव्या हार्ड डिस्कवर, आणि दुसरी प्रत मिरजेला नणंदेकडे. दर महिन्याला वीजबिल भरायला बसते तेव्हाच क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून त्या तीन ओळी बघते. मिरजेची प्रत दिवाळीला आणि गणपतीत ताजी करून घेतो.