एका खुर्चीच्या दोन खुर्च्या

१९५०च्या दशकात चंदीगड वसत होतं, तेव्हा वास्तुरचनाकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्या, न्यायालय आणि विद्यापीठ यांच्यासाठी हजारो खुर्च्या बनल्या. सागवानी सांगाडा, वेताची बैठक आणि पाठ, उलट्या ‘व्ही’सारखे फाकलेले पाय. ही कामं अनेक कारखान्यांत, अनेक सुतारांच्या हातून झाली. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन अस्सल खुर्च्यांच्या मापातही काही मिलिमीटरचा फरक हमखास निघतो. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका घरी तपासायला मिळालेल्या जोडीत मात्र सगळी मापं तंतोतंत जुळत होती. तिथेच मनात पाल चुकचुकली.

“जोडीच आहे हो, नंबर पण सलग आहेत बघा की,” घरमालक म्हणाले. दोन्ही पाठींच्या मागे पांढऱ्या रंगात खात्याची आद्याक्षरं आणि लागोपाठचे दोन आकडे होते. कचेरीतल्या सामानाच्या नोंदीसाठी असे आकडे टाकत. आज त्यांच्यामुळेच किंमत चढते, म्हणून बनावटीतही ते हटकून असतात. मी ते शेवटी बघतो. आधी खुर्ची घोंगडीवर उलटी ठेवायची, कारण वरून झकपक पॉलिश मारणारा खालच्या बाजूला क्वचितच तेवढा जीव लावतो.

सोबत खानापूरकडचे एक मिस्त्रीमामा होते. खानापूर-दांडेली पट्ट्यातला साग त्यांच्या हातात मुरलेला. त्यांनी आधी पायांचे तळ बघितले. पहिल्या खुर्चीच्या डाव्या पायांच्या तळाला मळ रेषांमध्ये घट्ट बसलेला, आणि जमिनीवर घासून बाहेरची कड जास्त झिजलेली. उजव्या पायांच्या चारही कडा मात्र सारख्याच गोल. वापराची झीज अशी चारी बाजूंनी सारखी होत नाही, ती पॉलिशपेपरची करामत. दुसऱ्या खुर्चीत नेमकं उलटं होतं : उजवी बाजू जुनी, डावी नवी.

मग टॉर्च जवळजवळ आडवी धरली. तिरक्या उजेडात हातरंध्याने काढलेल्या लाकडावर लांबट, किंचित खोलगट पट्टे दिसतात. मशीनच्या रंध्याच्या आडव्या, सारख्या अंतरावरच्या लाटा असतात. जुन्या बाजूंवर पट्टे होते, नव्या बाजूंच्या आतल्या अंगाला लाटा. सांध्यातल्या लाकडी खुंट्यांवरून बोट फिरवलं. लाकूड आटतं ते रेषांच्या आडव्या दिशेने, लांबीत जवळपास नाही. म्हणून वर्षं गेली की खुंटीचं डोकं पृष्ठभागाच्या केसभर वर येतं आणि गोलाचा थोडा लंबगोल होतो. जुन्या बाजूला खुंट्या बोटाला लागत होत्या, नव्या बाजूला अगदी सपाट.

इथे घरमालकांनी रास्त शंका काढली. नवी म्हणता त्या बाजूचं लाकूडही काळपट, जड, दाट रेषांचं आहे, मग ते नवं कसं? बेळगाव भागात फसगत होते ती इथेच. जुने वाडे पाडले की तुळया, खांब, कडीपाटाचं सागवान वखारीत येतं. ते खुर्चीपेक्षाही जुनं असू शकतं. लाकडाचं वय आणि खुर्चीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकणारा पहिलं दाखवून दुसऱ्याचे पैसे घेतो. मामांनी नव्या पायाच्या आतल्या अंगावर एक ठिपका दाखवला. खिळ्याचं भोक, भुसा आणि गोंद भरून बुजवलेलं. लोखंडाने सागात पसरलेला काळा डाग त्याच्याभोवती होता, पण अर्धाच. उरलेला अर्धा पायाला उतार देताना कापून गेला होता. म्हणजे आधी खिळा, मग डाग आणि त्यानंतर पायाचा आकार. खुर्चीच्या पायात त्या जागी खिळा मारायचं काही कारणच नाही.

पॉलिशने काही ठरलं नाही. झाकल्या जागी स्पिरिटचा बोळा धरला, तर दोन्हींवर चिकट झाला, म्हणजे चपड्याचं, लाखेचं पॉलिश. पण चपडा आजही मिळतो, आणि हे काम करणाऱ्याला तो वापरायचं भान होतं. पॉलिश विरघळलं नसतं तर ते नंतर मारलेलं आहे एवढं कळलं असतं. विरघळलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. वेताचंही तसंच. वेत तुटतो, बदलावाच लागतो, त्यामुळे नवा वेत हा दोष नाही. बघायची ती वेत ओवायची भोकं. पहिल्या खुर्चीच्या पाठीच्या चौकटीत त्यांच्या कडा वेताने घासून गुळगुळीत झाल्या होत्या. दुसरीच्या पाठीत कडा धारदार, आणि ड्रिल बाहेर पडलं तिथे तंतू उचकटलेले.

आता आकडे. दहापट भिंगाखाली पहिल्या पाठीवरचे ओरखडे पांढरा रंग कापून गेलेले होते, तळाशी लाकूड दिसत होतं. दुसऱ्या पाठीवर रंगच ओरखड्यांत उतरून बसला होता. तिथे आधी ओरखडे काढले आणि मग आकडा रंगवला. एक आकडा खरा, दुसरा त्याच्यात एक मिळवून केलेला.

या टप्प्यावर मला वाटत होतं की जुने सुटे भाग वापरून दोन खुर्च्या उभ्या केल्या आहेत. मामांनी पहिल्या खुर्चीच्या बैठकीचे स्क्रू काढले आणि चित्र आणखी स्पष्ट झालं. खालच्या आडव्या पट्ट्या जुन्या होत्या, वरची चौकट नवी. पट्ट्यांमध्ये वापरातल्या भोकांशेजारी चार बुजवलेली भोकं होती, आणि पूर्वीच्या चौकटीने झाकलेला फिकट पट्टा नव्या चौकटीच्या कडेपासून थोडा सरकलेला. दुसऱ्या खुर्चीच्या बैठकीची चौकट जुनी असल्याचं आधीच दिसलं होतं. ती सोडवून या पट्ट्यांवर ठेवली. चारही भोकं जुळली. फिकट पट्टाही तिच्या कडेशी रेषेत आला.

एकच अस्सल खुर्ची दोघींत वाटली होती. पहिलीत डावी बाजू, आडव्या पट्ट्या आणि पाठ. दुसरीत उजवी बाजू आणि बैठकीची चौकट. उरलेलं सगळं वाड्याच्या सागातून बेतलेलं. मूळ भागांचा साचा करून नवे भाग काढले, म्हणून मापं तंतोतंत.

बिलावर ‘सागवानी वेताची खुर्ची, नग २’ एवढंच होतं. कोणत्या कचेरीतून निघाली याचा पत्ता नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूला शंभर वर्षं पुरी व्हावी लागतात, त्यामुळे या खुर्च्या त्यात बसत नाहीत. पण चंदीगडच्या वारसा फर्निचरच्या विक्री-लिलावाला आळा घालायला गृह मंत्रालयाने २०११ मध्ये वेगळा आदेश काढला. म्हणून सरकारी लिलावाची मूळ पावती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दोघींची मिळून एक खुर्ची करता येईल का, असं घरमालकांनी विचारलं. येईल. नवे सांधे पांढऱ्या गोंदाचे आहेत, ऊब आणि वाफ दिली की सुटतात. वाफ जुन्या पॉलिशला लागू द्यायची नाही, चपडा ओलीने पांढरा पडतो. पण आधी प्रत्येक सांध्याचे फोटो, प्रत्येक भागावर झाकल्या जागी पेन्सिलीने खूण, आणि नवे भाग फेकायचे नाहीत, कारण विक्रेत्याकडे दाद मागायची तर पुरावा तेच आहेत. अहवालात मी पाच भाग मूळ, बाकीचे नंतरचे असं लिहून त्याखाली जुळलेल्या चार भोकांचे फोटो जोडले.