लहरींना काळाची दिशा ठाऊक असते का?

विश्वातील सारे काही शेवटी लहरीच असतील, तर काळ खरोखर असतो का, की तो केवळ आपल्या मनाचा भास आहे? भौतिकशास्त्राविषयी मी काही लिहिले की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलेत म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते काळ मोजण्याचे काम लहरी चोख बजावतात, मात्र तो कोणत्या दिशेने जातो याबाबत त्या काहीच सांगत नाहीत. आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली की काळ भासमान वाटू लागतो.

मोजण्यापुरते बोलायचे तर १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच लहरींवर बेतलेली आहे: सीझियम-१३३ च्या अणूतून मिळणाऱ्या एका ठरावीक प्रारणाची (म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींची) ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. २०१० मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात दोन अतिअचूक अणुघड्याळांपैकी एक जेमतेम ३३ सेंटिमीटर वर उचलले, तेव्हा आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार अपेक्षित होते तसे ते किंचित जलद चालल्याचे दिसून आले. जी गोष्ट उंचीनुसार बदलते आणि तो बदल आधी गणिताने सांगता येतो, तिला मनाचा भास म्हणणे मला पटत नाही.

पदार्थालाही लहरींचे रूप असते, ही कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द ब्रॉग्ली यांनी १९२४ मध्ये मांडली आणि तीनच वर्षांत इलेक्ट्रॉनच्या विवर्तनाने (लहरींप्रमाणे वाकून पसरण्याने) ती सिद्ध झाली. (याच आधारावर ‘सारे विश्व कंपनमय आहे’ असे सांगत आरोग्य विकणाऱ्यांचा या भौतिकीशी काडीचाही संबंध नाही.) या लहरी काळानुसार कशा बदलतात हे सांगणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणात मात्र काळ लहरींतून निर्माण होत नाही, तो आधीच गृहीत धरलेला असतो.

आता दिशेकडे वळू. पाण्याने भरलेल्या गोल परातीच्या मधोमध एक थेंब टाकून पाहा. वलय पसरत काठापर्यंत जाते, तिथून परतते, आक्रसत मध्याकडे येते, आणि पाणी पुरेसे स्थिर असेल तर मध्यावर क्षणभर एक लहानसा उंचवटाही दिसतो. म्हणजे आत येणारी लहर अशक्य नाही. आदर्श लहर-समीकरणात काळाचे चिन्ह उलटे केले, म्हणजे काळ मागे चालवला, तरी समीकरण जसेच्या तसे राहते, त्यामुळे बाहेर जाणारी आणि आत येणारी अशा दोन्ही लहरी त्याला सारख्याच मान्य असतात. तरीही काठ नसलेल्या विस्तीर्ण जलाशयात आत येणारे वलय आपोआप उमटलेले कोणी पाहत नाही, कारण त्यासाठी दूरवरच्या असंख्य ठिकाणचे पाणी एकाच तालात हलायला हवे, आणि असा योगायोग जुळून येण्याची शक्यता जवळपास शून्य असते. १९०९ मध्ये स्विस भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर रिट्झ आणि आइन्स्टाइन यांच्यात नेमका हाच वाद झाला होता. लहरी बाहेरच जातात हा निसर्गाचा मूलभूत नियम आहे, असे रिट्झ यांचे म्हणणे होते, तर आइन्स्टाइन यांना त्यामागे केवळ संभाव्यता दिसत होती. मी आइन्स्टाइन यांच्या बाजूचा आहे.

पण संभाव्यतेचे हे उत्तर आपल्याला आणखी मागे नेते. बहुतेक शक्य मांडण्या विस्कळीतच असतात, म्हणून अव्यवस्था काळाबरोबर वाढते असे म्हणायचे, तर आरंभी ती फारच कमी असली पाहिजे. आणि तशी ती होती याची खूणही एका लहरीनेच जपून ठेवली आहे. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी ज्याच्या शोधाची घोषणा केली, ते सूक्ष्मलहरींचे पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे आकाशाच्या सर्व दिशांनी येणारा आरंभीच्या विश्वाचा प्रकाश, विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना द्रव्यातून मोकळे झाले आणि आज त्याचे तापमान केवळ २.७ केल्विन आहे. आकाशाच्या वेगवेगळ्या दिशांत त्याच्या तापमानात आढळणारा मूळचा फरक साधारण लाखात एक भाग इतकाच भरतो. गुरुत्वाकर्षणामुळे द्रव्य गोळा होऊ पाहत असताना या प्रारणावरून दिसते तसे ते तेव्हा इतके एकसारखे पसरलेले असणे, ही कमालीची सुव्यवस्थित अवस्था होय. तारे पेटणे, वलये बाहेर पसरणे, आपल्याला कालची आठवण असणे आणि उद्याची नसणे, हे सारे त्या अवस्थेपासून दूर जाण्याचेच परिणाम आहेत. विश्वाचा आरंभ अशा सुव्यवस्थेत का झाला, हे लहरींच्या कोणत्याही समीकरणातून निघत नाही, आणि काळाविषयीचा खरा अनुत्तरित प्रश्न माझ्या लेखी तोच आहे.