विलायतेत ‘लेडीज कोटा’ असतो का?

नोव्हेंबरात रजेवर कोल्हापूरला आले की माझे एक काम ठरलेले असते, ते म्हणजे आत्याला स्कूटरवर मागे बसवून दसरा चौकाजवळच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला नेणे. आत्या सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली. आयुष्यभर साबणाने आणि जंतुनाशकाने हात धुऊन तिच्या बोटांच्या रेषा इतक्या पुसट झाल्या आहेत की बँकेतले यंत्र तिचा अंगठा काही केल्या ओळखत नाही आणि दरवर्षी चार-पाच बोटे आलटून पालटून ठेवावी लागतात. यंदा रांगेत उभे असताना तिने विचारले, “काय गं, तिकडं इंग्लंडात पण डॉक्टर पोरींना लेडीज कोटा असतो काय?” रांग संपली तरी माझे उत्तर संपले नव्हते, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

गेली सहा वर्षे मी इंग्लंडच्या उत्तरेकडील एका शहरात शल्यचिकित्सेचे, म्हणजे जनरल सर्जरीचे, उच्च प्रशिक्षण घेत आहे. तिथे आपल्यासारख्या राखीव जागा नाहीत. इतकेच नव्हे, तर कमी योग्यतेच्या उमेदवाराला केवळ ती स्त्री आहे म्हणून नेमणे बेकायदेशीर आहे. २०१० च्या समानता कायद्याने मुभा दिली आहे ती ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’ची, म्हणजे ज्यांचे प्रमाण कमी आहे अशांसाठी वेगळे प्रशिक्षण, मार्गदर्शन किंवा प्रोत्साहन देण्याची. त्याच कायद्याच्या १५९ व्या कलमानुसार, दोन उमेदवार सारख्याच योग्यतेचे ठरले तर कमी प्रमाण असलेल्या गटातील व्यक्तीची निवड करता येते, पण तीसुद्धा सरसकट नियम म्हणून नव्हे, तर त्या त्या वेळी विचार करून, आणि केलीच पाहिजे असेही नाही. प्रत्यक्षात दोन उमेदवार तंतोतंत समान आहेत असे कबूल करणारी निवड समिती माझ्या पाहण्यात नाही. मुलाखतीला गुण असतात आणि अर्ध्या गुणाने का होईना, कोणीतरी पुढे असतेच. त्यातच इंग्लंडमधल्याच चेशायरच्या पोलिस दलाने १२७ उमेदवारांना ‘सारखेच योग्य’ ठरवून या कलमाचा आधार घेतला आणि २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने तो भेदभाव ठरवला. त्या निकालाचा विषय निघाला की आमच्याकडचे मनुष्यबळ अधिकारी अजूनही आवाज खाली आणतात.

कायद्यापेक्षा मला लोकांच्या मनाचे अधिक नवल वाटले. वयाने मोठे पुरुष सर्जन या उपायांना नाके मुरडतील असे मी गृहीत धरले होते, काही मुरडतातही. पण सर्वांत ठाम विरोध मी ऐकला तो यशस्वी स्त्री सर्जनांकडून. “मी इथे माझ्या कामाच्या बळावर आले आहे, माझ्या पोरीबाळींनीही तसेच यावे,” असे त्यांचे म्हणणे असते, आणि त्यामागे अहंकार असतो असे मला वाटत नाही. सवलत न घेताही ती घेतल्याचा शिक्का बसतो, ही भीती त्यामागे असते. ती भीती मला इथूनच ठाऊक आहे. मला एमबीबीएसला प्रवेश खुल्या गुणवत्तेवर मिळाला होता, तरी पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलाशी एका वर्गमित्राने सहज म्हटले होते, “तुमचं काय, लेडीज कोटा आहे.” महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींसाठी जे ३० टक्के आरक्षण आहे ते समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजले जाणारे, असते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे गुणवत्तेने आलेल्या स्त्रियांचीही गणना या हिश्श्यात होते, त्यामुळे ज्या प्रवर्गात मुली आपल्या गुणांवरच तिसाच्या पुढे गेलेल्या असतात तिथे त्या तरतुदीचा वापर करण्याची वेळच येत नाही. पण हे गणित त्या टेबलाशी कोण समजावून सांगणार? मी त्या वेळी गप्प बसले आणि ते वाक्य मात्र सोबत घेऊन विमानात बसले.

म्हणूनच, तीन वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयात केवळ स्त्री सर्जनांसाठी नेतृत्व-प्रशिक्षणाचा वर्ग निघाला तेव्हा मी नकार कळवला. वरिष्ठ बाईंनी कारण विचारले तर कामाचे निमित्त सांगितले. त्याच आठवड्यात एका दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत टेबलाची उंची माझ्या सहा फुटी सहकाऱ्याला सोयीची होती, म्हणून मी दोन पायऱ्यांच्या स्टुलावर चढून काम करत होते. आतडे जोडण्याचा स्टेपलर माझ्या हातात एका मुठीने बंद होईना, तेव्हा मी तो दोन्ही हातांनी दाबला. माझे हातमोजे साडेपाच नंबरचे आहेत. ते उपकरण ज्या हातासाठी घडवले आहे त्या हाताला कोणी सवलत म्हणत नाही, हे त्या क्षणी नव्हे, पण रात्री झोपताना मनात आले.

तिथल्या इतिहासात कोट्याची एक उलटी गोष्टही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात विद्यार्थिनींना घेणाऱ्या लंडनमधील अनेक वैद्यकीय शाळांनी युद्ध संपल्यावर त्यांच्यासाठी दारे लावून घेतली. १९४४ मध्ये गुडइनफ समितीने सरकारी अनुदानासाठी स्त्रियांना वाजवी प्रमाणात, म्हणजे साधारण एक पंचमांश, प्रवेश देण्याची अट सुचवली. ही किमान मर्यादा होती. पण अनेक शाळांनी तिचाच कमाल मर्यादा म्हणून वापर केला आणि १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा येईपर्यंत मुलींची संख्या मोजून मापून ठेवली. कोट्याच्या नावाने तिथल्या जुन्या डॉक्टर बायकांच्या कपाळावर आठी का पडते, ते मला हे वाचल्यावर कळले.

अलीकडचा मोठा प्रयोग ‘अथेना स्वान’ या सनदेचा. २००५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विद्यापीठ विभागांनी आपल्याकडील स्त्रियांची स्थिती तपासून पदक मिळवायचे असते. २०११ मध्ये इंग्लंडच्या प्रमुख वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी काही मोठ्या संशोधन-निधीसाठी त्यातील रौप्य पदकाची अट जाहीर केली आणि विभागप्रमुख रातोरात समानतेचे कैवारी झाले. २०२० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. माझ्या ओळखीच्या विभागात त्या पदकासाठीचे शेकडो पानांचे अर्ज भरायचे काम मात्र बायकांवरच आले होते, तेही त्यांच्या संशोधनाच्या वेळातून.

२०२५ मध्ये ब्रिटनच्या नोंदणीकृत डॉक्टरांमध्ये स्त्रियांची संख्या पहिल्यांदाच पुरुषांहून अधिक झाली. तेव्हा आता कसली कृती, असा सूर मलाही ऐकू येतो. पण डिसेंबर २०२० च्या सरकारी अहवालानुसार पूर्णवेळ कामाच्या हिशेबानेही रुग्णालयातील स्त्री डॉक्टरांचे वेतन पुरुषांपेक्षा १८.९ टक्क्यांनी, तर जीपींचे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांचे, १५.३ टक्क्यांनी कमी होते. आमच्या वेतनश्रेणी छापील, म्हणजे स्त्री-पुरुषांना सारख्याच आहेत. फरक पडतो तो पायऱ्या उशिरा चढल्याने, जादा मोबदल्याची कामाची सत्रे न मागितल्याने आणि गुणवत्ता-पुरस्कारांसाठी स्वतः अर्ज न केल्याने. मुले लहान असतानाच्या दहा वर्षांत हे सगळे हातून सुटते. कोल्हापूरच्या माझ्या मैत्रिणींचीही हीच दहा वर्षे आहेत; फरक इतकाच, की आमच्याकडे अर्धवेळ प्रशिक्षणाची सोय आहे आणि त्यांच्याकडे सासूबाई आहेत.

बँकेतून परतताना दसरा चौकातल्या शाहू महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालून आम्ही सीपीआरवरून आलो. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखणारा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा निघाला तेव्हा महाराज इंग्लंडमध्ये होते. त्या देशाला ‘कोटा’ हा शब्द आजही जड जातो, याची मला गंमत वाटते. सीपीआर पूर्वी अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय होते आणि त्याच्या स्त्री विभागाचे प्रमुखपद १८८६ मध्ये करवीर संस्थानाने आनंदीबाई जोशी यांना देऊ केले होते. त्या रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात वारल्या. त्या जागेला कोणी कोटा म्हटले नाही, पण ती एका स्त्रीसाठीच निर्माण केलेली जागा होती.

“मग तो वर्ग तू केलासच नाहीस?” आत्याने मागून विचारले. मी सांगितले, की पुढच्या वर्षी पुन्हा निघाला तेव्हा केला. तिथे सत्रे कशी मागायची, पुरस्काराचा अर्ज कसा लिहायचा, टेबलाची उंची बदलायला आधीच कसे सांगायचे, एवढेच शिकवले.

“म्हणजे मागायचं शिकवलं,” आत्या म्हणाली. “आणि टेबल खाली घेतात होय सांगितल्यावर?”

मी म्हटले, घेतात, सहकारी थोडा कुरकुरतो. मग घर येईपर्यंत ती तिच्या वेळच्या एका ऑपरेशन थिएटरमधल्या स्टुलाची गोष्ट सांगत राहिली, ज्याचा एक पाय कायम हलत असे.