आईचं पाऊल आणि बसची पायरी
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा फोंड्याच्या स्टँडवर आली आणि बसच्या पायरीकडे बघून थांबलीच. इतकी वर्षं हीच पायरी ती न बघता चढायची, आता म्हणते, "ही उंच केली काय रे?"

पायरी तेवढीच होती. 1984 साली विल्यम वॉरन या संशोधकाने बुटक्या आणि उंच माणसांना वेगवेगळ्या पायऱ्यांची चित्रं दाखवून विचारलेलं की हात न टेकता चढाल का, तर दोघांचंही "नाही" स्वतःच्या पायाच्या (कमरेपासून खाली जमिनीपर्यंतच्या) लांबीच्या साधारण 88 टक्क्यांपाशीच आलं, म्हणजे डोळा सेंटीमीटर मोजतच नाही, आपलं अंग मोजतो. मग लिओनार्ड मार्कने 1987 मध्ये लोकांच्या पायाखाली 10 सेंटीमीटरचे ठोकळे बांधले, सुरुवातीला अंदाज चुकले, पण थोडं वावरल्यावर जमायला लागलं.

वावरणं, हेच मला महत्त्वाचं वाटतं. आम्ही काळजीपोटी आईला खुर्चीतून उठूच देत नव्हतो, ती चूकच झाली. मग डॉक्टरांना विचारून रोज अंगणात तुळशीभोवती फेऱ्या, हळूहळू ओटीच्या दोन पायऱ्या.

परवा दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत चढताना मी हात पुढे केला, तिने रॅम्पकडे एकदा बघितलं आणि सरळ चालत गेली.