सावंतवाडी ते ओल्ड गोवा, चालत

1 डिसेंबर 2024, रविवार. आगमन काळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार होता, सकाळची मिस्सा झाली आणि ऊन उतरल्यावर आम्ही सतरा जण सावंतवाडीहून निघालो, गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला). फेस्त दरवर्षी 3 डिसेंबरला असतं पण यंदा दहा वर्षांनी येणारं शवप्रदर्शन, म्हणजे सायबाचं जपलेलं शव लोकांना दर्शनाला ठेवणं, पण होतं त्यामुळे घराघरातून माणसं निघालेली, बेळगाव कारवारकडून सुद्धा लोक चालत येतात.

सतरात आमच्या वाडीतली एक काकी आणि तिचा मुलगा, दोघं हिंदू. काकी वीस वर्षं येतेय. "सायबान माझ्या झिलाक वाचयल्यान" एवढंच सांगते, तो लहानपणी खूप आजारी होता तेव्हाचा नवस. मुलगा मात्र पहिल्यांदा आला, आईचे गुडघे दुखतात म्हणून सोबत. आणि खरं सांगायचं तर तो आल्यामुळे सगळे जरा अवघडलेले होते, कारण ऑक्टोबरमध्ये सायबाच्या शवाची डीएनए टेस्ट करा असं एका नेत्याचं वक्तव्य आलं, गोव्यात लोक रस्त्यावर उतरले, आणि आमच्या वाडीच्या ग्रुपवर पण नको नको ते बोलणं झालं. काकीचा मुलगा ग्रुप सोडून गेला. लहानपणापासून तो आणि मी एकाच नदीत पोहलेलो पण दीड महिना एकमेकांशी बोललो नव्हतो.

बांदा, पत्रादेवी, पेडणे. रात्री हायवेला ट्रकच ट्रक, टॉर्च घेऊन एका रांगेत चालायचं आणि रोझरी, म्हणजे मारियामातेची माळेवरची प्रार्थना, सुरू, नमान मोरिये कुर्पेन भरलेले. काकीला अख्खी पाठ आहे, तिची माळ तुळशीची पण मणी मोजायला तीच.

धारगळच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा काकीच्या मुलाने विचारलंच, इन्क्विझिशन याच माणसाने मागवलं ना? इन्क्विझिशन म्हणजे धर्मावरून लोकांवर खटले चालवणारं चर्चचं कोर्ट. सगळे गप्प. मग आमच्यातले एक रिटायर्ड गुरुजी म्हणाले, हो, 1546 ला राजाला पत्र लिहून मागणी केलेली, सायब 1552 ला वारला, कोर्ट सुरू झालं 1560 ला, पण मागितलं त्यानेच, ते आपण लपवायचं नाही. 2000 साली पोपने ख्रिस्ती लोकांच्या हातून झालेल्या पापांची देवाकडे जाहीर क्षमा मागितली हे पण सांगितलं. मला आतून एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं मी या प्रश्नावर चिडायचो, आणि येशूने पकडले जायच्या आधी प्रार्थना कसली केली तर हे सगळे एक होवोत अशी, मग आपली चूक मान्य केल्याशिवाय एक कसं होणार कुणाशी?

म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीपाशी, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मारियामातेपाशी, काकीने मेणबत्ती लावली. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, असं तिकडे हिंदू ख्रिश्चन दोघं मानतात, काकीला त्यात समजवून सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

पर्वरीत नुसती धूळ. पणजी ओलांडून रायबंदरच्या जुन्या बांधावर आलो, 1630 च्या दशकातला पोर्तुगीजांचा बांध, दोन्हीकडे पाणी आणि काळोख, तिथे आमच्या क्रूस धरणाऱ्या पोराच्या पोटरीत गोळा आला. शेजारी काकीचा मुलगा होता, त्याने क्रूस घेतला. कुणी काही बोललं नाही. जवळजवळ बांध संपेपर्यंत त्याच्याकडेच होता.

से कॅथेड्रलची लाईन खूप मोठी. शवपेटीपाशी काकीला पुढच्या उंच माणसांमुळे काही दिसेना तर त्याने तिला दोन्ही दंडांना धरून वर उचललं, ती बघत राहिली, तो आईकडे बघत होता. त्याने हात जोडले नाहीत, मी ते मुद्दाम बघितलं नाही पण दिसलं.

परत येताना एसटीत माझ्या शेजारी बसला, फेस्तातलं खाजं दोघांनी एकाच पुडीतून खाल्लं, बांद्यापर्यंत. ग्रुपवर अजून आलेला नाही. काकीने पुढच्या वर्षीसाठी दोघांची नावं आत्ताच देऊन ठेवलीत.